सांवेरकडची काळी जमीन आणि सोयाबीन : आधी वाण ठरवावा की रब्बी?

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी. इंदूर जिल्ह्यातील सांवेर तहसिलीत आमची सात एकर भारी काळी जमीन आहे. आजवर ती बटाईने दिलेली असे; येत्या खरिपापासून धाकटा भाऊ आणि मी ती स्वतः कसणार आहोत. विहीर आणि बोरिंग मिळून रब्बीपुरते पाणी आहे. बटाईदार खरिपात सातही एकरांत सोयाबीन घेत असे आणि त्यानंतर तीन एकरांत बटाटा व लसूण, उरलेल्या चार एकरांत गहू. वाण कायम एकच, जे.एस. ९५-६०. बियाणे एकरी पंचेचाळीस किलो, खत म्हणजे डी.ए.पी.ची एक गोणी, आणि पीक गुडघ्याला आले की दुकानदार हातात ठेवील ती दोन-तीन औषधे एकाच टाकीत कालवून मारायची. गेल्या दोन हंगामांत ऑगस्ट सरता सरता पिकाचा मोठा भाग पिवळा पडला आणि शेंगा पोचट राहिल्या.

दुकानांत चौकशी केली, तर प्रत्येक जण वेगळ्या वाणाचे नाव घेतो आणि आपलाच वाण सर्वांत चांगला असल्याचे शपथेवर सांगतो. म्हणून येथे विचारतो : वाण कोणता घ्यावा, बियाणे किती टाकावे, डी.ए.पी. द्यावे की सुपर फॉस्फेट, आणि सध्याच्या भावात सोयाबीन घेण्यात अर्थ उरला आहे का? इंदूर, उज्जैन, देवास या पट्ट्यातील अनुभव मिळाले तर अधिक बरे.

काळी माती

कृषी विस्तार खात्यातील नोकरीत मालव्यातील पुष्कळ गावे पायाखाली घातली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपला पहिला प्रश्न वाणाचा आहे, पण तो पहिला नसावा. आपल्या शेतात रब्बीला काय येणार आहे, हे आपण स्वतःच लिहिले आहे आणि निम्मे उत्तर त्यातच आहे.

बटाटा आणि लसूण ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास जमिनीत जायला हवेत. त्याआधी सोयाबीनची कापणी, मळणी, नांगरट आणि वाफसा इतके सगळे उरकायचे, म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेत मोकळे व्हायला हवे. पेरणी जूनच्या २० ते २५ तारखेला झाली असे धरले, तर पिकाला नव्वदच्या आतबाहेर दिवस मिळतात. या तीन एकरांत लवकर येणारा वाण घेण्यावाचून गत्यंतर नाही. गव्हाची गोष्ट वेगळी आहे. गहू नोव्हेंबरात पेरायचा, मग त्या चार एकरांत पंचाऐंशी-अठ्ठ्याऐंशी दिवसांचा वाण पेरून शेत पाच-सहा आठवडे रिकामे ठेवण्याचे कारण काय? तेथे पंचाण्णव ते शंभर दिवसांचा वाण सहज बसतो. बटाईदाराने सोय पाहिली आणि सगळीकडे एकच बियाणे टाकले.

लवकर येणाऱ्या वाणाची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, तर त्याला सावरायला वेळ मिळत नाही, कारण फुले आणि शेंगा धरण्याचा त्याचा काळ नेमका तोच असतो. देशभर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरलेला २०२३ चा ऑगस्ट आठवून पाहा. ज्यांच्या शेतात दोन मुदतींचे वाण होते, त्यांचे एका शेतात गेले तर दुसऱ्यात काही हाती लागले. दुसरे असे, की लवकर पिकलेले पीक सप्टेंबरातील परतीच्या पावसात सापडते आणि शेंगेतल्या शेंगेत दाणा डागाळतो, कधी कोंबही फुटतात.

पिवळेपणाबद्दल. शेत ऑगस्टअखेर पिवळे पडण्याची कारणे अनेक असू शकतात, पण ९५-६० हा वाण पिवळ्या मोझॅकला फार लवकर बळी पडतो, हे खरे आहे. हा विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो. पान हातात घेऊन पाहिले असता हिरव्या-पिवळ्या रंगांचे ठिगळ-ठिगळ दिसत असेल, तर मोझॅक समजावा. सगळे पान सारखे फिकट असेल आणि शेतात पाणी साचून राहत असेल, तर दोष निचऱ्याचा असतो. जे.एस. २०-६९ आणि २०-९८ हे मध्यम मुदतीचे वाण मोझॅकला बरेच दाद देत नाहीत. गव्हाच्या चार एकरांसाठी मी त्यांतला एक निवडला असता.

देपालपूरवाला

ताईंशी सहमत आहे. त्यात निचऱ्याविषयी थोडी भर घालतो, कारण आपल्याकडे त्याकडे कोणी बघतच नाही. आमचे आजोबा सांगत, की पूर्वी मालव्यातली अशी भारी जमीन पावसाळ्यात पडीकच ठेवत आणि मुरलेल्या ओलीवर हिवाळ्यात मालवी गहू व हरभरा घेत. पावसाळ्यात या जमिनीत पाय घालवत नाही आणि पाणी साचले की पीक सडते, हे त्यामागचे कारण. पिवळे सोयाबीन साठच्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठामार्फत मध्य प्रदेशात आले, पुढे तेलाचे कारखाने उभे राहिले, आणि त्या पडीक खरिपात पहिल्यांदा नगदी पीक उभे राहिले. जमीन मात्र तीच राहिली. पाणी साचायचे तेथे आजही साचते.

म्हणून पेरणी सपाट न करता सरी-वरंब्यावर किंवा रुंद वरंब्यावर, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या रुंद उंच पट्ट्यावर, करावी. रुंद वरंब्याचे पेरणी यंत्र आता भाड्याने मिळते. ते नसेल, तर सपाट पेरणीतही ठरावीक ओळींनंतर एक ओळ रिकामी ठेवून कोळपणीच्या (ओळींमधले तण काढण्याच्या) वेळी तेथे सरी काढावी. जोराच्या पावसात तीच सरी पाणी बाहेर काढते आणि ओढ बसली तर तिच्यातूनच पाणी देता येते.

बियाण्याच्या बाबतीत मात्र माझे मत पुस्तकाबाहेरचे आहे. आम्ही एकरी चाळीस किलोच्या खाली येत नाही. पेरणी झाल्यावर मोठी सर आली की माती बसते आणि निम्मे कोंब वर येत नाहीत. दुबार पेरणीपेक्षा चार किलो जास्त गेलेले परवडतात.

प्रयोगशाळा

मी तेलाच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे दाण्याशी रोजचा संबंध आहे. बियाण्याचा दर हा मताचा विषय नाही, तो गणिताने काढता येतो. दोन ओळींत ४५ सेंटीमीटर आणि दोन झाडांत ५ सेंटीमीटर अंतर धरले, तर हेक्टरी सुमारे ४ लाख ४४ हजार झाडे होतात. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम असेल, तर तितक्या दाण्यांना सुमारे ५३ किलो लागतात. उगवण ७० टक्के धरली, तर ७६ किलो, म्हणजे एकरी ३० किलो. दाणा बारीक, १० ग्रॅमचा असेल, तर त्याच हिशोबाने हेक्टरी ६३ किलो, म्हणजे एकरी २५ किलो पुरतात. बटाईदाराचे पंचेचाळीस किलो यात कोठेच बसत नाहीत. लवकर येणारा, कमी पसरणारा वाण ३० सेंटीमीटरवर पेरायचा असेल, तर दर वाढेल हे मान्य आहे.

तेव्हा आधी पोत्यातले दाणे तपासावेत. पोत्याच्या तोंडातले, मधले आणि तळाचे असे सरमिसळ शंभर दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे आणि ओल टिकवावी. आठवड्याच्या आत निकाल दिसतो. मोड आलेले सगळे मोजायचे नाहीत. ज्याचे मूळ सरळ आणि धड आहे, तेवढेच मोजायचे. मूळ तुटलेले, वाकडे, दाणा फुगून बुळबुळीत झालेला, हे सगळे बाद. सत्तरच्या वर असेल तर बियाणे चांगले, साठ असेल तर दर त्या प्रमाणात वाढवावा, आणि त्याखाली असेल तर ते मंडीत विकून टाकावे.

सोयाबीनच्या दाण्याची साल फार पातळ असते आणि मूळ होणारा भाग सालीच्या अगदी खाली असतो. पोते वरून आपटले, मळणी यंत्र जोरात फिरले, की बाहेरून धड दिसणारा दाणा आतून मेलेला असतो. घरचे बियाणे ठेवायचे असेल, तर मळणी यंत्राचा वेग मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांच्या वर नेऊ नये, दाण्यातील ओल १० ते १२ टक्क्यांवर आणावी आणि पोत्यांची थप्पी पाचच्या वर रचू नये. हार्वेस्टरने काढलेला माल बियाण्यासाठी ठेवूच नये.

देपालपूरवाला

गणित मान्य आहे. पण शेतातला जुलै गोणपाटासारखा नसतो, एवढेच म्हणतो.

काळी माती

देपालपूरवाला दादा, आपली भीती खरी आहे, पण उपाय चुकतो आहे. दाट पेरलेल्या पिकात झाडे उंच आणि किडकिडीत होतात, ऑगस्टमध्ये लोळतात, आत वारा खेळत नाही आणि करपा तेथूनच सुरू होतो. फवारलेले औषध वरच्या पानांवरच राहते. बसणाऱ्या मातीवर इलाज म्हणजे खोली. बियाणे दोन-तीन सेंटीमीटरवर पडले पाहिजे. पाच सेंटीमीटरच्या खाली गेले की कोंबाचा जोर संपतो. आणि किमान १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरती ओली झाल्याशिवाय पेरू नये. पहिल्या वळवावर घाईने पेरणारेच पुढे दुबार पेरणीचे रडगाणे गातात.

बीजप्रक्रियेचा क्रम पाळावा : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारे जिवाणू. थायरम आणि कार्बोक्सिनचे मिश्रण किलोला ३ ग्रॅम आणि पांढऱ्या माशी व खोडमाशीसाठी थायामेथॉक्झाम ३० एफ.एस. किलोला १० मिलिलिटर, हे आधी लावून बियाणे सावलीत सुकवता येते. रायझोबियम आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी किलोला ५ ग्रॅम, हे मात्र पेरणीच्या वेळीच सावलीत लावावेत आणि बियाणे लगेच पेरावे. ते उन्हात ट्रॉलीवर पडून राहिले, तर लावलेले जिवाणू तेथेच मरतात.

रायझोबियम लागू पडले की नाही, हे पाहायला प्रयोगशाळा नको. पेरणीनंतर महिनाभराने एक झाड ढेकळासकट खणून काढावे, उपटू नये, कारण उपटताना गाठी मातीतच राहतात. मुळे बादलीत हलके धुवावीत आणि मुळावरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-तांबूस असेल, तर ती हवेतील नत्र पकडत आहे. पांढरी किंवा हिरवट असेल, तर ती रिकामी आहे. गुलाबी गाठी भरपूर असलेल्या पिकाला वरून युरिया देणे म्हणजे पैसे टाकणे आणि नुसती पानांची वाढ करून अळीला आमंत्रण देणे आहे.

खताविषयी. आपल्या भागासाठी हेक्टरी नत्र २० ते २५, स्फुरद ६०, पालाश (पोटॅश) २० ते ४० आणि गंधक २० किलो अशी शिफारस आहे. डी.ए.पी.मध्ये नत्र आणि स्फुरद असते, गंधक नसते, आणि सोयाबीन हे तेलबिया पीक असल्याने गंधकावाचून त्याचे चालत नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि सुमारे ११ टक्के गंधक असते. एकरी तीन गोण्या सुपर टाकले, की दोन्हींची पूर्तता होते. त्याला साधारण १८ ते २० किलो युरिया आणि मातीच्या परीक्षणाप्रमाणे पोटॅश जोडावे. सगळे पेरणीच्या वेळीच, बियाण्याच्या खाली पडेल असे द्यावे.

राजेंद्रनगरकर

दोघांचे आणि प्रयोगशाळा यांचे मनापासून आभार. तण आणि कीड यांबद्दलही लिहावे. दुकानदाराच्या मिश्रणाची मला धास्ती वाटते.

देपालपूरवाला

धास्ती योग्यच आहे. कीटकनाशक, तणनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच टाकीत घालण्याची रीत इकडे बोकाळली आहे. आमच्या शेजारच्या शेतात अशा एका फवाऱ्याने पीक करपून गेले आणि दुकानदाराने हात वर केले.

तणाची खरी लढाई पहिल्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांची असते. विसाव्या दिवसाच्या सुमारास कोळपे फिरवता आले, तर त्यासारखे दुसरे काही नाही. त्याने तण जाते, मुळांना हवा मिळते आणि ओढ बसल्यावर पडणाऱ्या भेगाही बुजतात. सतत पावसाने कोळपे घालता आले नाही, तर इमॅझेथापायर १० टक्के हे तणनाशक एकरी ४०० मिलिलिटर, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत, तण दोन-चार पानांचे असताना आणि जमिनीत ओल असताना मारावे. तण हातभर झाल्यावर मारून काही उपयोग नाही.

किडींपैकी चक्रीभुंगा ओळखायला सोपा आहे. झाडाच्या शेंड्याकडचे एखादे पान अचानक मान टाकते. देठ किंवा खोड नीट पाहिले, की थोड्या अंतरावर दोन बारीक वलये कोरलेली दिसतात. मादी त्या दोन वलयांच्या मध्ये अंडे घालते आणि अळी खोड आतून पोखरत खाली जाते. सुरुवातीलाच वलयाच्या खालून तो भाग तोडून शेताबाहेर नष्ट केला, तर फवारा वाचतो. उंटअळी आणि तंबाखूची अळी यांचा जोर दिसला, तर क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एकरी ६० मिलिलिटर, दोनशे लिटर पाण्यातून. पाण्यातच लोक कंजुषी करतात. दोन टाक्यांत एकर उरकणाऱ्याचे औषध खालच्या पानांपर्यंत पोहोचत नाही आणि मग औषध नकली असल्याची ओरड होते.

लातूरकर

मराठवाड्यातून लिहितो. आमच्याकडेही रुंद वरंब्याने बराच फरक पडला आहे. मात्र वाणांची नावे वाचून गोंधळ होऊ नये : आमच्याकडचे फुले संगम किंवा एम.ए.यू.एस. ६१२ पाहुण्यांकडून आणून थेट मालव्यात पेरू नयेत. फुले संगम तर मुदतीनेही लांब आहे आणि बटाट्याच्या आधी तो निघणार नाही. एक विचारतो, तिकडे मक्याकडे वळण्याची चर्चा आहे, ते खरे का?

छावणी

धान्याच्या आडतीत आयुष्य गेले, म्हणून भावाच्या प्रश्नाला उत्तर देतो. मक्याकडे लोक वळत आहेत, हे खरे आहे, आणि त्यात एक गंमत आहे. एक क्विंटल सोयाबीन गाळले, की सुमारे १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. म्हणजे भाव तेलापेक्षा पेंडीवर अधिक ठरतो, आणि पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. आता मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, तो स्वस्तात त्याच खाद्यात जाऊ लागला आहे. ज्या मक्याला इथेनॉलमुळे मागणी आली, त्याचाच चोथा सोयाबीनच्या पेंडीचा भाव पाडतो.

२०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मंडीत सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेले होते. तेव्हा सरकारने ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. तो भाव पुन्हा येईल, या आशेवर माल दडवून बसलेल्यांची पोती पुढे वर्षानुवर्षे वाळली. २०२५-२६ च्या खरिपासाठी हमीभाव ५,३२८ रुपये होता आणि मंडीत माल त्याच्या बराच खाली विकला गेला. त्या हंगामात राज्याने २०१७ प्रमाणे पुन्हा भावांतर योजना आणली. तिचे तंत्र समजून घ्यावे : फरक मिळतो तो हमीभाव आणि सरकारने काढलेला सरासरी दर यांच्यातला. आपला माल ओला किंवा डागी असल्यामुळे त्या सरासरीच्याही खाली विकला गेला, तर ती तूट आपल्याच खिशातून जाते. म्हणून १२ टक्क्यांच्या वर ओल असलेला माल ट्रॉलीत भरून आणू नये. उन्हात दोन दिवस पसरलेला माल आणि थेट हार्वेस्टरमधून आणलेला माल यांच्या बोलीत लिलावात उघड फरक पडतो. नोंदणीही मुदतीत करावी लागते. जमीन बटाईची असेल, तर कागद कोणाच्या नावावर आहे, हे आधीच पाहून ठेवावे.

काळी माती

लातूरकर, मक्याबद्दल माझे मत असे आहे, की सात एकरांपैकी एक-दीड एकर मका घ्यायला हरकत नाही, आणि वर्षानुवर्षे सोयाबीनच घेतलेल्या जमिनीला फेरपालट हवाच असतो. पण पुढे लगेच बटाटा घ्यायचा असेल, तर मक्यामुळे शेत वेळेवर रिकामे होणे अवघड जाते, आणि मका जमिनीतून नत्र ओढतो ते वेगळेच. सोयाबीन आज एकट्याच्या भावावर परवडत नाही, हे छावणी काकांचे म्हणणे खरे असले, तरी आपल्याकडे ते रब्बीच्या बटाटा-लसणाला वेळेवर जागा करून देते, या हिशोबात त्याचे मोल धरावे लागते.

राजेंद्रनगरकर

सर्वांच्या उत्तरांवरून असे ठरवले आहे : बटाटा-लसणाच्या तीन एकरांत लवकर येणारा वाण ३० सेंटीमीटरवर, गव्हाच्या चारपैकी तीन एकरांत जे.एस. २०-९८ रुंद वरंब्यावर, आणि एका एकरात मका. खंडवा रोडवरील सोयाबीन संशोधन संस्थेत जाऊन तेथील अहिल्या नावाच्या वाणांचीही चौकशी करणार आहे. इंदूरकर म्हणून त्या नावाचा मोह होतो, हे कबूल करतो. बियाणे बाहेरून घ्यायचे असल्याने शेवटचे विचारतो : विकत घेताना काय पाहावे?

प्रयोगशाळा

अहिल्या मालिकेतले जुने वाण मुदतीने सारखे नाहीत, तेव्हा नावापेक्षा दिवस विचारा. विकत घेताना पोत्यावरची खूणचिठ्ठी वाचावी. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी असते, पायाभूत बियाण्याची पांढरी आणि केवळ विक्रेत्याच्या हमीवर विकल्या जाणाऱ्या बियाण्याची हिरवी. चिठ्ठीवर वाण, बियाण्याचा गट (लॉट) क्रमांक, उगवणीची टक्केवारी आणि वैधतेची तारीख असते. पोते शिलाईच्या बाजूने न उघडता दुसऱ्या टोकाने फोडावे, म्हणजे शिलाई आणि चिठ्ठी शाबूत राहतात. पक्की पावती गट क्रमांकासह मागावी. प्रत्येक गटातले पाव किलो बियाणे, औषध लावण्याआधीच, कापडी पिशवीत बाजूला ठेवावे. उगवण फसली आणि तक्रार करायची वेळ आली, तर पंचनाम्याला येणारे अधिकारी याच तीन गोष्टी मागतात. सोयाबीनचे परागण आपल्या आपल्यातच होत असल्याने वाण लवकर बिघडत नाही. चांगले निघाले, तर हेच बियाणे पुढची दोन-तीन वर्षे घरचे वापरता येईल. त्यासाठी शेताच्या मधला, पाणी न साचणारा तुकडा आत्ताच राखून ठेवावा, फुलोऱ्यात फिरून वेगळ्या रंगाच्या फुलांची झाडे उपटावीत आणि त्याची मळणी वेगळी करावी.